गॅस निघाला, मागे काय उरले?

गोबरगॅसचे सयंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन मी असेच एक सयंत्र पाहायला गेलो होतो. शेतकरी मोठ्या कौतुकाने शेगडी पेटवून दाखवत होते. सगळे विद्यार्थी त्या निळ्या ज्योतीभोवती जमले. एक विद्यार्थिनी मात्र सयंत्राच्या मागच्या बाजूला गेली. तिथल्या खड्ड्यात काळपट, पातळ रबडी साठली होती. तिने विचारले, "काका, गॅस काढून घेतल्यावर यात काही उरतं का, की हा नुसता चोथाच?"

शेतकरी हसून म्हणाले, "उरतं तर! पण एवढं पाणी वाहून नेणार कोण, बाई?"

हे दोन्ही प्रश्न वरवर साधे दिसतात. 'काय उरते?' हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे, तर 'वाहून कोण नेणार?' हा भौतिकशास्त्राचा. आज जगातील कित्येक संशोधक याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गुंतलेले आहेत. चला, आपणही कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या मागे जाऊ या.

तराजू काय सांगतो?

मुंबईच्या माटुंगा भागातील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून मिळणारा गॅस दिव्यांसाठी वापरला गेला. पुढे १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे सयंत्र सिद्ध केले, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर पोहोचविले. या साऱ्या इतिहासात सगळ्यांची नजर गॅसवर होती, आणि ते स्वाभाविकही आहे. पण तराजू निराळेच सांगतो.

समजा, ५०० किलो शेण आणि ५०० किलो पाणी कालवून आपण सयंत्रात सोडले. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे ५०० किलोपासून २० घनमीटर. एक घनमीटर गॅसचे वजन साधारण १.१५ किलो असते. तेव्हा गॅसच्या रूपाने बाहेर पडले फक्त २३ किलो. हजार किलो आत गेले, त्यांतील ९७७ किलो मागेच राहिले!

आता गॅसमध्ये असते तरी काय? मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्ये. पिकांना ज्यांची भूक असते ती नत्र, स्फुरद आणि पालाश यांतली नाहीत. हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने थोडे गंधक निघून जाते, पण नत्र, स्फुरद व पालाश जवळजवळ सगळे रबडीतच राहतात. 'जळण हवे की खत?' हा जुना पेच गोवरी जाळणाऱ्या घरात खरा होता. सयंत्राने तो सोडविला. जळण वर निघून गेले आणि खत खाली राहिले.

इतकेच नव्हे, तर खताचे रूपही सुधारले. शेणातील बराचसा नत्र प्रथिनांत गुंतलेला असतो. अवायुजीवी जंतू, म्हणजे हवेवाचून जगणारे जंतू, प्रथिने फोडतात आणि तो नत्र अमोनियमच्या रूपाने पाण्यात सुटा होतो. हे रूप पिकाला लवकर लागू पडते. पण याच गुणात एक धोकाही दडलेला आहे. तो पुढे पाहू.

पाण्याचा बोजा

मोठ्या प्रकल्पांतून निघणाऱ्या पातळ रबडीत टनामागे सुमारे ३ ते ५ किलो नत्र असते. शेणात निम्मे पाणी घातलेल्या घरगुती सयंत्रात ते याहून कमी असते. हिशेबासाठी आपण टनाला ४ किलो धरू. युरियात दर शंभर भागांत ४६ भाग नत्र असते, म्हणून युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात २०.७ किलो नत्र झाले. तेवढे नत्र शेतात न्यायचे तर रबडी किती लागेल? पाच टनांहून अधिक! एक माणूस खांद्यावर टाकून नेतो ते पोते एकीकडे, आणि पाच टनांचा टँकर दुसरीकडे. शेतकरीकाकांच्या प्रश्नाचे मर्म हेच.

'मग पाणी आटवून टाकावे,' असे तुम्ही म्हणाल. हिशेब करून पाहू. एक टन रबडीत सुमारे ९४० किलो पाणी असते. एक किलो पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१० किलोज्यूल उष्णता लागते आणि त्याची वाफ करायला आणखी २,२६० किलोज्यूल. म्हणजे एकूण सुमारे २,५७० किलोज्यूल. याला ९४० ने गुणले की जवळजवळ २४ लाख किलोज्यूल होतात. एक घनमीटर गॅस जाळून साधारण २१,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे एक टन रबडी आटवायला ११५ घनमीटर गॅस हवा. आणि त्या एका टनातून आपल्याला मिळाला होता किती? २० घनमीटर! पाण्याची अप्रकट उष्णता इतकी मोठी असते.

ऊन फुकट आहे, ते वापरावे, हे खरे. पण उन्हात उघड्यावर रबडी वाळवली की पाण्याबरोबर आणखी एक वस्तू उडून जाते.

करून पाहा

किराणा दुकानातून थोडा नवसागर आणा. पूर्वी कल्हईवाला भांड्याला कल्हई करताना वापरायचा, तोच हा. याला अमोनियम क्लोराइड म्हणतात. पाण्यात कालवलेली हळद पांढऱ्या कागदाच्या पट्टीला लावून पट्टी वाळवून घ्या. आता मोकळ्या हवेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दोन बश्या मांडा. दोहोंत चिमूट चिमूट नवसागर पाण्याच्या थेंबांत विरघळवा. दुसऱ्या बशीत पानाला लावतात तो चुना वाटाण्याएवढा मिसळा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि बशीला नाक लावून वास घेऊ नका. दोन्ही बश्यांवर हळदीचा ओला कागद, न टेकवता, धरा.

पहिल्या बशीवरचा कागद पिवळाच राहील. दुसऱ्यावरचा लालसर तपकिरी होईल. थोड्या वेळाने तो कागद दूर वाऱ्यावर धरा. रंग पुन्हा पिवळा होऊ लागेल, कारण कागदावरचा अमोनिया आता हवेत निघून गेला. तुम्ही डोळ्यांनी नत्र उडताना पाहिले!

यामागचे कारण असे. पाण्यात अमोनियम आणि अमोनिया यांची सतत अदलाबदल चालू असते. अमोनियम हा विद्युत्भारित कण असल्याने तो पाणी सोडून जात नाही. अमोनिया हा वायू, तो संधी मिळताच उडतो. दोहोंचे प्रमाण ठरते ते द्रावणाच्या सामूवर, म्हणजे पीएचवर. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभरांतील एकही भाग अमोनिया नसतो, फक्त सुमारे ०.६ भाग असतो. सामू ८ झाला की ५ भाग, ९ झाला की ३६, १० झाला की ८५ आणि ११ झाला की ९८ भाग. तापमान वाढले तरी हेच घडते. सामू ८ असताना २५ अंशांना ५ भाग अमोनिया असतो, तर ५० अंशांना २२.

सयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीचा सामू साधारण ८ च्या आसपास असतो. ती वैशाखाच्या उन्हात पसरली तर काय होईल, हे आता तुम्हीच सांगू शकाल. उडालेल्या अमोनियाच्या जागी नवा अमोनिया तयार होत राहतो, आणि वाळलेली पोळी हाती येईपर्यंत सुट्या नत्राचा मोठा भाग वाऱ्यावर गेलेला असतो.

विहिरीचा हिशेब

'एवढा त्रास कशाला? ओढ्यात सोडून द्यावी,' असेही कोणी म्हणेल. तेव्हा हाही हिशेब करू. जमिनीतील जंतू अमोनियमचे नायट्रेट करतात. नत्राच्या १४ भागांपासून नायट्रेटचे ६२ भाग होतात. टनभर रबडीतील ४ किलो नत्र सगळे नायट्रेट झाले तर ते भरेल सुमारे १७.७ किलो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. भागाकार केला की उत्तर येते जवळजवळ ४ लाख लिटर! सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चौदा मीटर पाणी असेल तर ते साधारण इतके भरते. म्हणजे एका टनातले सगळे नत्र झिरपून पोहोचले, तर स्वच्छ पाण्याची अख्खी विहीर मर्यादेला टेकते.

नायट्रेटचा सर्वाधिक धोका तान्ह्या बाळांना असतो. त्याच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळसर पडते. युरोपातील देशांनी याच कारणाने १९९१ साली नायट्रेटविषयक निर्देश काढला. त्यानुसार संवेदनशील भागात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा अधिक नत्र देता येत नाही. नेदरलँड्ससारख्या देशात जनावरे फार आणि जमीन थोडी, म्हणून तिथे रबडीतून द्रव्ये काढून घेण्याच्या पद्धतींना जोर आला. आपल्याकडेही २०१८ साली केंद्र सरकारने 'सतत' योजना आणली आणि मोठे गॅसप्रकल्प उभे राहू लागले. घरच्या सयंत्राची रबडी घरच्या शेतात जिरते. पण रोज शंभर टन माल घेणाऱ्या प्रकल्पातून जवळजवळ तितकीच रबडी रोज बाहेर पडते. तिचे काय करायचे?

पहिली पायरी: घन आणि द्रव वेगळे करणे

सगळ्यात आधी रबडी पिळून घेतात. उसाच्या चरकाची आठवण करून देणारा मळसूत्री दाबयंत्राचा प्रकार यासाठी वापरतात. जाळीच्या नळीत मोठा स्क्रू फिरतो, चोथा पुढे ढकलला जातो आणि द्रव जाळीतून गळतो. पण बारीक कण द्रवाबरोबर जातात, आणि स्फुरदाचा मोठा वाटा नेमका या बारीक कणांत असतो.

मग द्रव स्वस्थ ठेवून गाळ बसू द्यावा काय? इथे स्टोक्सचा नियम आडवा येतो. द्रवात पडणाऱ्या कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कणाची घनता पाण्यापेक्षा शेकडा ५ ने अधिक धरली, तर ०.१ मिलिमीटरचा कण स्वच्छ पाण्यात एक मीटर खाली बसायला सुमारे एक तास घेतो. व्यास दहापट लहान केला की वेळ शंभरपट, म्हणजे चार दिवसांहून अधिक. आणखी दहापट लहान केला की वर्षाहून अधिक! रबडी तर पाण्यापेक्षा दाट असते.

कणाचा व्यास आपल्या हाती नाही, पण गुरुत्वाकर्षण 'वाढविणे' हाती आहे. भांडे वेगाने फिरवले की कणांवर गुरुत्वाच्या हजारो पट त्वरण लावता येते. तीन हजार पट त्वरणात, दोन सेंटिमीटर जाडीच्या थरातून, वर्षभर रेंगाळणारा कण सुमारे चार मिनिटांत भिंतीला लागतो. अशा रीतीने स्फुरद बव्हंशी घन भागात जाते. अमोनियम आणि पालाश विरघळलेले असल्याने द्रवात राहतात. घन भागाचे कंपोस्ट होते आणि ते पोत्यात भरून दूर नेता येते. खरी कसोटी द्रवाची आहे.

अमोनियाला पकडण्याची युक्ती

ज्या गुणामुळे नत्र हातातून निसटते, त्याच गुणाचा फायदा घेता येईल काय? द्रवाचा सामू मुद्दाम वाढवायचा, तो तापवायचा आणि उंच मनोऱ्यात वरून धार सोडून खालून हवा फुंकायची. अमोनिया हवेबरोबर बाहेर पडतो. ही हवा मोकळी न सोडता सौम्य गंधकाम्लातून नेली की अमोनियम सल्फेट तयार होते, म्हणजे दुकानात मिळते तेच खत. तुमच्या बशीतला प्रयोगच इथे मोठ्या प्रमाणावर चालतो. फक्त हळदीच्या कागदाच्या जागी आम्ल आले.

आपल्या टनभर रबडीतील ४ किलोंपैकी २.४ किलो नत्र अमोनियमच्या रूपात आहे असे धरू. ते सगळे पकडले तर सव्वाअकरा किलो अमोनियम सल्फेट मिळेल आणि त्यासाठी सुमारे ८.४ किलो गंधकाम्ल लागेल. हे आम्ल, चुना आणि उष्णता फुकट येत नाहीत. म्हणूनच अनेक ठिकाणी आधी नुसती हवा फुंकून द्रवातला कार्बन डायऑक्साइड घालवतात. आम्लधर्मी वायू गेला की सामू आपोआप थोडा वर चढतो आणि चुन्याची बचत होते. उष्णतेसाठी गॅसवर चालणाऱ्या जनित्राची वाया जाणारी ऊब वापरतात.

हॅम्बुर्गचे स्फटिक

आता स्फुरदाकडे वळू. हॅम्बुर्ग शहरात १८४५ साली एका चर्चच्या पायाचे खोदकाम चालू असताना जुन्या उकिरड्याच्या थरात अनोखे स्फटिक सापडले. त्यांना श्ट्रूव्ह यांच्या नावावरून 'स्ट्रुव्हाइट' म्हणू लागले. त्यात मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट हे घटक एकास एक असे असतात, आणि सोबत पाण्याचे सहा रेणू. एका प्रकारच्या मुतखड्यातही हेच द्रव्य असते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ते नळांच्या आत दगडासारखे जमून नळ तुंबवी आणि अभियंते त्याला वैतागत. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले, की नळात नको तिथे जमणारे हे स्फटिक आपण हव्या त्या टाकीत का जमवू नयेत?

रबडीच्या द्रवात अमोनियम भरपूर असते, फॉस्फेट थोडे असते आणि कमी पडते ते मॅग्नेशियम. तेवढे बाहेरून घालून सामू ८.५ ते ९ च्या आसपास ठेवला की पांढरे स्फटिक खाली बसतात. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरते त्यात मॅग्नेशियम विपुल असते, आणि तेही यासाठी चालते. हे खत पाण्यात सावकाश विरघळते, म्हणून पहिल्याच पावसाने वाहून जात नाही.

पण थांबा, याने नत्राचा प्रश्न सुटेल काय? प्रमाण एकास एक आहे ते रेणूंचे. ३१ ग्रॅम फॉस्फरसला १४ ग्रॅम नत्र पुरते. द्रवात ३१० ग्रॅम फॉस्फरस असेल तर नत्र उचलले जाईल फक्त १४० ग्रॅम, म्हणजे २.४ किलोतील शेकडा ६. तेव्हा ही पद्धत स्फुरद वाचवायची. आणि स्फुरद वाचवणे किती मोलाचे! नत्र हवेत अमाप आहे, ते कारखान्यात ऊर्जा खर्चून पकडता येते. फॉस्फेट मात्र खडकातूनच खणावे लागते. जगातील ज्ञात साठ्यांचा बहुतांश मोरोक्को व पश्चिम सहारा या एकाच प्रदेशात आहे आणि भारताला ते बव्हंशी आयात करावे लागते.

पडद्यातून पाणी

उरलेल्या द्रवातून पाणीच काढून घेण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे उलट तर्षण. घरातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात असतो तसा पडदा वापरायचा. पाणी त्यातून पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. इथे वाफ करावी लागत नाही, ही मोठी बचत. पण द्रावणाचा तर्षण दाब ओलांडेल इतका जोर लावावा लागतो. लिटरला ०.४ मोल विरघळलेले कण धरले तर हा दाब सुमारे १० वातावरण येतो, म्हणजे शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. निम्मे पाणी काढले की कणांची दाटी दुप्पट आणि दाबही दुप्पट. पाऊण भाग काढले की चौपट. शेवटचे पाणी सर्वांत महाग पडते ते यामुळे. शिवाय बारीक कणांनी पडदा चोंदतो. पहिल्या पायरीत केलेली कसूर अशी शेवटच्या पायरीत भोवते.

गावातल्या सयंत्राने काय करावे?

गंधकाम्लाचे मनोरे आणि पडदे चार-सहा जनावरांच्या गोठ्याला परवडणारे नाहीत. पण त्यांच्यामागचे विज्ञान तिथेही उपयोगी पडते. अमोनिया उष्णतेने, वाऱ्याने आणि उघड्या पृष्ठभागामुळे उडतो, हे आपण पाहिले. तर मग खड्ड्यावर छप्पर व झाकण हवे आणि त्याचे तोंड लहान हवे. रबडी दुपारच्या उन्हात न पसरता संध्याकाळी द्यावी आणि लगेच मातीआड करावी किंवा पाटाच्या पाण्याबरोबर सोडावी. मातीचे कण अमोनियमला धरून ठेवतात. पीक उभे नसेल त्या काळात तुंबलेली रबडी पालापाचोळा, काडीकचरा यांच्या थरांवर ओतून कंपोस्ट करावे. कोरडा कचरा पाणी शोषतो आणि त्यातील कार्बनवर वाढणारे जंतू नत्र आपल्या शरीरात बांधून ठेवतात. डेन्मार्कमध्ये तर शेणरबडीत आम्ल घालून सामू ६ च्या आसपास आणण्याची पद्धत आहे. त्याचे कारण तुम्हाला आता ठाऊक झाले आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रबडीच्या बंद टाकीत किंवा खोल खड्ड्यात कधीही उतरू नका आणि कोणाला उतरू देऊ नका. तिथे साठलेला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाचा जीव घेऊ शकतो. आत पडलेल्याला वाचवायला उतरलेलाही परत येत नाही.

त्या दिवशी परत निघताना ती विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे सर, ह्यात चोथा काहीच नाही. फक्त पाणी फार आहे." इतके पानभर लिहून मी तुम्हाला जे सांगितले, ते तिने एका वाक्यात सांगितले होते.

विचार करा

१. तुमच्या गावातील एखाद्या सयंत्रात रोज ५० किलो शेण व ५० किलो पाणी जाते. वर्षभरात किती टन रबडी निघेल?

२. त्या रबडीत टनामागे २ किलो नत्र असेल तर युरियाच्या ४५ किलोच्या किती पोत्यांएवढे नत्र तिच्यात आहे? त्यातले निम्मे उडून गेले तर किती पोती हवेत गेली?

३. नवसागर आणि चुन्याची बशी एकदा गार पाण्याच्या व एकदा कोमट पाण्याच्या भांड्यावर ठेवा. हळदीचा कागद कोणत्या वेळी लवकर लाल होतो? का?